देव पाण्यात

मी शाळिग्राम नाही हो! रोहिणखेडच्या कोकिळाकाकूंना हे हजारदा सांगितलं असतं, पण दगडाला तोंड कुठलं? मी समुद्राच्या तळाचा चिखल, आता दगड झालेला. वय विचाराल तर अठरा कोटी वर्षं.

तेव्हा ज्वालामुखी पेटले, हवेत वायू कोंदले नि पृथ्वी तापली. पाणी तापलं की त्यात प्राणवायू टिकत नाही. वरचं कोमट पाणी खाली उतरेना, खालच्यांना श्वास मिळेना. तळाचे जीव आधी गेले. मेलेल्यांना कुजायलासुद्धा प्राणवायू उरला नव्हता. ते तसेच साठत गेले आणि मी काळा झालो. माझ्या पोटात एक वेटोळा शिंपला आहे. त्याच्यासाठी मला काहीच करता आलं नाही.

परदेशातल्या एका डोंगरातून मला नीरजानं आणलं. ती मलकापूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. एकदा काका-काकूंकडे आली नि मला विसरून गेली. काकूंनी काळा रंग पाहिला, वेटोळं पाहिलं आणि थेट देवघरात बसवलं. रोज आंघोळ, रोज तुळस. तो नुसता दगड आहे, श्वास कोंडून मेलेल्या समुद्राचा, असं नीरजानं दोघांना सांगितलं, तर काकू म्हणाल्या, सगळेच देव दगडाचे असतात. घ्या, आता काय बोलणार!

काका म्हणजे रामराव. त्यांनी शेततळ्यात रोहू-कटला पाळले होते. घरात लेकरू नाही, दोघांचा सगळा जीव त्या माशांत. यंदा वैशाख असा तापला की तळं हिरवं झालं, आणि रोज सकाळी मासे वर येऊन आ वासू लागले. भूक लागली असेल म्हणून रामराव दुप्पट पेंड टाकू लागले. नीरजाला फोनवर हे कळलं तशी ती हादरली. ते भुकेले नाहीत, त्यांना श्वास पुरत नाही. खाणं थांबवा, उरलेली पेंड कुजून आणखी प्राणवायू खाते; मोटर लावून पाणी वरून उडवत ठेवा म्हणजे त्यात हवा मिसळेल, असं तिनं परोपरीनं सांगितलं.

"माशाले काय दमा होते काय वं पोरी?" रामराव हसले.

काकूंचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. त्यांनी देव पाण्यात ठेवला. देव म्हणजे मी! तांब्याच्या गंगाळात मला बुडवलं आणि मासे तगेपर्यंत काढणार नाही म्हणाल्या. मग दोघंही निवांत झाले. मोटर काही लागली नाही. अहो, मी काय राखणार? माझ्यादेखत अख्खा समुद्र गेला!

तिसऱ्या सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. नीरजा आली तेव्हा रामराव काठावर बसून होते.

"भुकेले समजून चारलं मी त्यायले," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुह्या त्या समुद्राले बरं व्हायले किती दिस लागले?"

"लाखो वर्षं, काका."

काम झालं की देव बाहेर काढायचा, अशी रीत आहे. झालंच नाही तर काय, हे कुणी ठरवलेलं नाही. नीरजा मला काढायला गेली, तर काकूंनी तिचा हात धरला.

"राहू दे वं. कोन्त्या तोंडानं काढू?"

मी अजून गंगाळातच आहे. पाणी सकाळीच कोमट होतं. येणारेजाणारे मला हात जोडतात. नका रे बाबांनो. त्या हातांनी मोटर लावा. माझ्या समुद्रात हात कुणालाच नव्हते.