बटण दाबलं होतं

लाँड्रीतल्या फिटरला सगळे फ्यूज म्हणत, कारण जरा गरम झाला की तो उडायचा. ही नोकरी त्याला भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, शब्द टाकून लावून दिली होती. भावजी तिथेच इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर होते. हॉस्पिटलांच्या ओल्या चादरी आत जायच्या आणि पुठ्ठ्यासारख्या कडक होऊन बाहेर पडायच्या.

एका सकाळी फ्यूजने रोलरचं पॅनल साफ करायला घेतलं. कपड्यांचे तंतू साचून ते तापत होतं. आत शेजारी शेजारी दोन ड्राइव्ह होते, मोटरचा वेग सांभाळणारे डबे. एक रोलरचा, दुसरा घडी घालणाऱ्या पट्ट्याचा. प्रत्येकाला स्क्रीनशी बोलणारा एक कम्युनिकेशनचा प्लग आणि एक सेफ्टीचा. रोलरचं लाल बटण वेगळं, पट्ट्याचं वेगळं; ते दाबलं की ज्याची त्याची मोटर थांबते ती या सेफ्टीच्या प्लगमुळे. त्याने सगळे प्लग उपसले, ब्रश मारला आणि परत बसवले. कम्युनिकेशनचे नीट बघून लावले, कारण ते चुकले की स्क्रीन लगेच बोंब मारते. सेफ्टीचे दोन्ही प्लग दिसायला सारखेच, आणि त्यांची अदलाबदल झाली तर यंत्र चकार शब्द काढत नाही. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं. खरं तर यानंतर एकेक लाल बटण दाबून बघायचं असतं. पण चादरींचा ढीग लागला होता, साहेब दारात येऊन उभे होते. फ्यूजने पॅनलचं दार लावून टाकलं.

दुपारी चादर सरळ करताना मावशींचा हात रोलरखाली ओढला गेला. मावशी चादरी आत सोडायच्या; वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. भावजींनी धावत जाऊन रोलरच्या लाल बटणावर हात मारला. रोलर फिरतच राहिला. शेवटी कुणीतरी मेन स्विच पाडला, पण तोवर मावशींची दोन बोटं गेली होती.

त्यांना हॉस्पिटलात नेल्यावर साहेबांनी फ्यूजला पॅनल बघायला सांगितलं. त्याने दार उघडलं. रोलरचा सेफ्टी प्लग पट्ट्याच्या ड्राइव्हला होता, पट्ट्याचा रोलरच्या. भावजींनी बटण दाबलं तेव्हा पट्टा थांबला असणार. त्या गोंधळात पट्ट्याकडे कोण बघतंय?

साहेब पाठमोरे फोनवर बोलत होते. फ्यूजचे हात डोक्याला न विचारताच पुढे झाले. प्लग निघाले आणि जिथल्या तिथे बसले. मग साहेबांनी रोलर चालू करून स्वतः बटण दाबलं, आणि रोलर जागच्या जागी थांबला. बटण तर चालतंय, एवढंच ते म्हणाले. त्या एका वाक्याने सगळा दोष भावजींच्या माथी गेला. माणूस गांगरला, बटण दाबलंच नाही, असं ठरलं. भावजींना रोलरवरून काढून मळक्या कपड्यांच्या गोण्या उचलायला लावलं.

फ्यूज रोज ठरवायचा, उद्या सांगू. उद्याचा परवा व्हायचा. मावशींना बघायला गेला, तेव्हा त्या भावजींना बोल लावत होत्या. हा समोर बसून मान हलवत राहिला. घरी येऊन त्याला जेवण गेलं नाही.

मग ताईने निरोप धाडला, की हे कुणाशी बोलत नाहीत, तू येऊन समजूत घाल. तो गेला तेव्हा भावजी टेबलाशी बसून तळहात टेबलावर आपटत होते, उचलत होते, पुन्हा आपटत होते.

"आधी मला खात्री होती," ते म्हणाले. "हाताला बटण लागलेलं आठवत होतं. आता वाटतं, दाबायचं नुसतं मनात आलं असेल. पॅनल तू बघितलंस ना? तूच सांग."

"भावजी, तुम्ही दाबलं होतं. प्लग मीच उलटे लावले होते. नंतर गुपचूप सरळ केले."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"म्हणजे दाबलं होतं मी?"

"दाबलं होतं."

भावजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडू लागले. फ्यूज थोबाडीत खायच्या तयारीने आला होता. याची तयारी त्याच्याकडे नव्हती.

ताई दारात आली. साहेबांकडे जा, तिथून मावशींकडे जा, आणि ते होईपर्यंत या घराची पायरी चढू नकोस, असं तिने आवाज न चढवता सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि त्याला कामावरून काढलं. भावजी पुन्हा रोलरवर गेले. मावशींनी बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून सगळं ऐकलं.

"चूक कुणाच्याही हातून होते," त्या म्हणाल्या. "पण मी त्या भल्या माणसाला शिव्या घालत होते, आणि तू माना डोलावत होतास. ते मी कसं विसरू?"

त्या जा म्हणेपर्यंत तो बसून राहिला.

आता तो दुसऱ्या कारखान्यात आहे. ताईकडे जाणं-येणं पुन्हा सुरू झालंय. भावजी त्याला जवळ बसवून कामाचं विचारतात, ताई आग्रहाने वाढते. पण घरातला पंखा बंद पडला की ती गल्लीच्या टोकाच्या वायरमनला हाक मारते, आणि फ्यूज उठून त्याच्यासाठी स्टूल धरतो.