एका दमात दहा मिनिटं

दादा ऑफिसच्या मीटिंगला घरून बसला की आमच्याकडे चमचा कपाला लागत नाही. बाबांना खोकला आला तर ते बाथरूममध्ये जाऊन खोकतात, आणि मला, जिला सगळे भोंगा म्हणतात, खुणा करून जेवायला मागावं लागतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्या रविवारी माझं डोकं का फिरलं ते कळेल.

माझी वहिनी व्हायोलिन शिकवते. दोन शाळांमध्ये, अर्धा-अर्धा दिवस, आणि दोन्हीकडे परीक्षा जवळ आली की पहिला तिचाच तास गणिताला देऊन टाकतात. आता एका संगीत विद्यालयात तिला पूर्णवेळ जागा मिळण्याची शक्यता होती. त्यासाठी दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा होता, रविवारी संध्याकाळी पाचच्या आत. अट एकच, पण भयंकर होती. सलग वाजवायचं. मध्ये कुठे कापलेलं दिसलं की अर्ज बाद.

"दहा मिनिटांचं तर काम," दादा म्हणाला. "एवढं काय त्यात."

वहिनीने स्टुलावर माझी पुस्तकं रचली, त्यांना टेकवून मोबाइल उभा केला आणि मला म्हणाली, "वन्सं, दार सांभाळा." लाडात आली की ती मला अशी अहो-जाहो करते. मी लगेच बेलची बॅटरी काढून खिशात टाकली आणि दाराला पाठ लावून बसले.

अकरा वाजता पहिला प्रयत्न. चौथ्या मिनिटाला स्वयंपाकघरात आईने मिक्सर लावला. "अगं, मला वाटलं झालं असेल," आई म्हणाली.

साडेअकराला दुसरा. सहाव्या मिनिटाला बाबा शिंकले. बाबा एकदा शिंकत नाहीत, त्यांचं सातांचं पाकीट असतं. वहिनी चौथ्या शिंकेपर्यंत वाजवत राहिली, मग तिलाच हसू आलं.

जेवणं झाल्यावर तिसरा. खालच्या मजल्यावरच्या काकू टाचणी मागायला आल्या आणि बेल वाजत नाही म्हणून दारावर थापा मारत बसल्या. माझ्याच पाठीवर बसत होत्या म्हणा ना.

आता वहिनी हसत नव्हती. तिने डाव्या हाताची बोटं पाण्यात बुडवली, पुसली, आणि पावणेचारला पुन्हा उभी राहिली. या वेळी काय वाजवलं तिने. आठ मिनिटं झाली, नऊ झाली, मी श्वास पोटात धरून बसले होते. आणि बेडरूमचं दार उघडून दादा आला. चवड्यांवर. हाफ पँटमध्ये. पडद्यामागे त्याचा चार्जर होता, तो काढायला. जाता जाता त्याने वहिनीला हाताने खूण केली, चालू दे, चालू दे.

"अक्कल आहे का तुला?" मी ओरडले. "तिथे कॅमेरा चालू आहे! तुझ्या मीटिंगला आम्ही मेल्यासारखे पडून राहतो आणि तुला दहा मिनिटं चार्जरशिवाय जगता येत नाही? लाज आहे की ती पण चार्जिंगला लावलीस?"

वहिनीने व्हायोलिनचा गज खाली घेतला.

"तो चालला असता," ती म्हणाली. "कडेला नुसता सरकताना दिसला असता. आवाज नव्हता त्याचा."

म्हणजे तिने वाजवणं थांबवलंच नव्हतं. मी बोंबलेपर्यंत. कोणीतरी कानाखाली द्यावी तसं झालं मला. आणि माझं एक वाईट आहे, माझी चूक असली की मला दुप्पट राग येतो. मी आईलाही बोलले, मिक्सरवरून. बाबांनाही, शिंकांवरून. बाबा म्हणाले, "शिंक काय ठरवून येते?" मी म्हणाले, "दादाच्या मीटिंगला बरी येत नाही." आई म्हणाली, "मोठ्यांशी असं बोलतात?" दादा म्हणाला, "आता कोण आवाज करतंय ते बघा जरा." सगळे एकदम बोलत होतो, आणि घड्याळात चार वाजून गेले होते.

"बाहेर," वहिनी म्हणाली.

कोणालाच कळलं नाही.

"सगळे जिन्यात जाऊन उभे राहा. वन्सं, तुम्हीपण."

"अगं, मी या कपड्यांत?" दादा म्हणाला. "माझं घर आहे हे."

"दहा मिनिटं बाहेर उभा राहिलास तर कोणी पळवून नेणार नाही. जा."

तिचा आवाज चढला नव्हता, पण गज तिने दाराकडे रोखला होता. आधी बाबांनी चपला घातल्या. मग आई पदराला हात पुसत निघाली. मी सगळ्यात शेवटी. आतून कडी लागली.

जिन्यात आम्ही पायऱ्यांवर बसलो, एकमेकांकडे न बघता. आत सुरू झालं. काही वेळाने आई ताडकन उठली.

"बटाटे उकडत ठेवलेत," ती कुजबुजली. "पाणी आटलं असेल."

ती दाराकडे गेली. मी आडवी आले. ओरडायचं नव्हतं, म्हणून नुसते दोन्ही हात पसरले. आईचे आणि माझे डोळे समोरासमोर. मला इतका राग आलेला होता की हातच दुखायला लागले.

दाराखालून करपल्याचा वास आला. चांगला, नाकात भरेल असा. आम्हाला येत होता म्हणजे वहिनीला तर येतच असणार. स्वयंपाकघर तिच्यापासून सहा पावलांवर. आम्ही चौघं कान देऊन थांबलो. व्हायोलिन थांबलं नाही. उलट शेवटचा जलद भाग सुरू झाला, त्यात चूक व्हायला एवढीशी फटही नसते, आणि ती त्यातून सुसाट गेली.

आईने दारावर ठेवलेला हात काढून घेतला. "जळू दे," ती म्हणाली आणि परत पायरीवर बसली.

चार पस्तीसला कडी उघडली. वहिनीचा चेहरा घामाने ओला, मागे घरभर निळसर धूर.

"झालं," ती म्हणाली. "गॅस बंद केलाय आता. पातेलं गेलं."

"मग आधीच करायचास ना बंद," दादा म्हणाला. "नाकाला वास येत नव्हता?"

"येत होता. मी वाजवत होते."

ती मोबाइल घेऊन खिडकीपाशी गेली आणि व्हिडिओ पाठवायला लागली. दादा काहीतरी बोलणार होता, पण आईने ते काळं पातेलं फडक्याने धरून आणलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"मी?" दादा म्हणाला.

"मग कोण? दहा मिनिटांचं तर काम," आई म्हणाली.

त्याला पाऊण तास लागला. मी मदत केली नाही.