पडद्यामागची बेडरूम

पडदे शिवणाऱ्याला रविवारपर्यंत जुनी जागा सोडायची होती आणि नवी काही केल्या मिळत नव्हती. हिंडून हिंडून चपला अशा झिजल्या की वाटेत नाण्यावर पाय पडला, तर छापा की काटा हे तळव्यालाच कळायचं.

एजंटचा हिशेब सरळ होता. "एक बेडरूम म्हणजे तुमची अख्खी कमाई. दोन म्हणजे तुमची आणि वहिनींचीही. तीनचं भाडं ऐकायचं तर आधी खाली बसा."

"दोन बेडरूम आणि अर्धं पोट, असं नाही का काही?"

"पोट तुमचं तुम्ही बघा. मी बेडरूम मोजतो."

एका बेडरूममध्ये तो, बायको, कॉलेजातली लेक आणि रात्रंदिवस खोकणारी आई मावायचे कसे? "नाहीच जमलं तर आईला इकडे धाड," असं थोरला भाऊ म्हणाला होता खरा, पण अशा आवाजात, की फोनलाच हुडहुडी भरली. आई नुसतं गाठोडं बांधायची आणि सोडायची.

शेवटी एका बेडरूमचं घर सापडलं. बेडरूम बोळासारखी लांबलचक, दोन्ही टोकांना दारं. मालक सह्या करायला शनिवारी येणार होता. झाडलोटीसाठी म्हणून एजंटने किल्ली आधीच दिली. तिथेच घात झाला. पडदेवाल्याचे हात शिवशिवले. एका नाटकगृहाचं उरलेलं जाडजूड कापड त्याने दुहेरी अस्तर लावून शिवलं आणि बेडरूमच्या मधोमध छतापासून जमिनीपर्यंत सोडलं. चुण्या अशा कडक, की एक माशी येऊन आपटली आणि कपाळ चोळत परत गेली. पलीकडे आईची खाट टाकली. आई खोकली, इकडे कुणाला ऐकूसुद्धा आलं नाही. कित्येक दिवसांनी आई हसली, तेही पडदा बाजूला सारल्यावर कळलं.

शनिवारी मालक आला. त्याने पडद्यावर बोटांनी टकटक केलं.

"ही भिंत कधी घातलीत?"

"पडदा आहे हो, मालक!"

"मला शिकवता? ठरली होती एक बेडरूम. एजंट, मोज."

एजंटने मोजल्या. दोन भरल्या.

"आत्ता काढतो!" पडदेवाला स्टुलावर चढला.

"खबरदार! माझ्या घराची भिंत पाडाल? दोनचं झेपत नसेल तर पुढची घ्या. मागचीला स्वतंत्र दार आहे, गिऱ्हाईक आत्ता येईल."

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, सही आधी, शिवण मग! एवढंही कळू नये?"

उद्या रविवार. पुढे रस्ता. पडदेवाल्याने पुढच्या बेडरूमसाठी सही केली आणि थोरल्या भावाला फोन लावला.

थोरल्याची गाडी खाली हॉर्न वाजवत राहिली. आईने गाठोडं काखेत मारलं, पडद्याच्या काठावरून बोट फिरवलं.

"टाका मात्र झकास पडलाय रे."

"आई, थांब ना जरा."

"थांबून कुठे बसू, बाळा?"

ती जिना उतरली. मागच्या दाराने नवा भाडेकरू ट्रंक ओढत आत शिरला; इकडे कुणाला पत्ताही लागला नाही. पलीकडे जाऊन पोटभर रडावं, असं पडदेवाल्याला वाटलं. तिथून कुणालाच ऐकू आलं नसतं. पण पलीकडचं घर त्याचं नव्हतं.