एकोणसाठ नंबरचा टांगा

माझं मेलेलं पोर बिनकंदिलाचा टांगा हाकतंय, असा सरकारी कागद आला तवा मी चुलीपुढं भाकरी थापत हुते. जब्बारनं कागद दोनदा वाचला.

"मावशी, बन्सीच्या नावानं पाच जुर्मानं लागलेत."

"कोन बन्सी? शहरात काय एकच बन्सी हाय?"

"आपला, मावशी. टांगा नंबर एकोणसाठ."

भाकर तव्यावर जळाली, मला वासबी आला नाय.

बन्सी माझा एकुलता एक. कार्तिकात गाठीचा ताप आला आन् तिसऱ्या दिवशी गेला. लग्न ठरलं हुतं, हळद लागायची ऱ्हायली. त्याचा टांगा आन् घोडी मी जब्बारला चालवायला दिली. दोघं एकाच अड्ड्यावर उभे ऱ्हायचे, एकाच चिलमीचा धूर गिळायचे. जब्बारनं टांग्यावर आपला नंबर लावला. निम्मी कमाई तो रोज माझ्या हातावर ठेवतो, त्यावर माझी चूल पेटते.

आन् हे जुर्मानं तर समदे कार्तिकानंतरचे! पाचीबी शुक्रवारचे, दिवेलागणीचे, फुलंब्रीच्या वाटेवरच्या नाक्यावरचे. कंदील नव्हता, शिपायानं हाक मारली, थांबला नाय. आधीच्या चिठ्ठ्या म्हणं मुकुंदवाडीत आमच्या जुन्या घराच्या दाराला चिकटवल्या. त्या घरात आमी चार वर्सांपासून ऱ्हात नाय, दार वाळवीनं खाल्लंय. मग मला कोन सांगनार, वाळवी? ह्यो कागद तेवढा अड्ड्यावर इचारत हितं आला, आन् त्यात लिहिलंय, आठ दिवसांत भरा, नायतर टांगा-घोडी जप्त.

"तूच नव्हतास ना रं?" मी जब्बारला विचारलं.

"शुक्रवारी मी घोडी जुंपतच नाय, मावशी. जुम्म्याची नमाज झाली की तिला ओढ्यावर धुतो. आन् एकोणसाठचा बिल्ला टांग्यावर हाय कुठं?"

खरं हुतं. बिल्ला माझ्या देव्हाऱ्यात हुता.

आमच्यात घरातलं मानूस अवेळी गेलं की त्याच्या नावाचा चांदीचा टाक करून देवात बसवत्यात, नायतर त्यो जीव भटकतो. सोनाराकडं गेले, त्यानं चांदीचा भाव सांगितला, आले परत. मग टांग्याचा पितळी बिल्लाच काढला, चिंचेनं घासला आन् खंडोबाशेजारी मांडला. त्याच्यावर बन्सीचा नंबर हुता, त्याच्या हाताचा घाम हुता. टाक म्हणजे आनखी काय असतं? मानूस मेल्यावर बिल्ला सरकारात जमा करावा लागतो, हे मला कुनी सांगितलं नाय. बिल्ला जमा नाय म्हणून सरकारच्या वहीत माझा बन्सी जिताच ऱ्हायला.

खोटं कशाला बोलू, कागद आयकून मला भ्या वाटलं, पन त्याच्या आधी आनंद झाला. कुनाला तरी तो दिसला! त्या दिवसापासून दिवा लावायची येळ झाली की माझे कान रस्त्याकडं लागायचे. घोडीचंबी तसंच. चारा सोडून मान वर करायची, फुलंब्रीच्या अंगाला बघत थरथरायची. जब्बारनं तिच्या गळ्यात तावीज बांधला. मी दार लावत नव्हते.

चौथ्या दिवशी जब्बार मला चौकीवर घेऊन गेला. तिथल्या फौजदारानं, अमीनसाहेबांनी, माझं समदं आयकून घेतलं. भला मानूस, पन पानाचा तोबरा भरलेला.

"बाई, मुलगा मयत हाय ना? मग बिल्ला जमा करा. नंबर खोडतो, जुर्मानं माफ."

"मयत हाय तर तुमच्या शिपायाला दिसला कसा?"

साहेबांनी पिंकदाणी जवळ वढली. "बिल्ला आना, बाई."

घरी येऊन देव्हाऱ्यापुढं बसले. बिल्ला दिला तर पोराचा टाक गेला, मग त्यानं टेकायचं कुठं? नाय दिला तर जब्बारच्या लेकरांची भाकर जाते, माझीबी. लई रडले. मग ठरवलं, आधी त्या शिपायाला गाठायचं. त्यानं पाह्यलंय, त्यालाच इचारायचं.

शुक्रवारी ऊन उतरताना एकलीच नाक्यावर गेले. गयास नावाचा शिपाई, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. मी बन्सीची आई म्हणल्याबरोबर स्टुलावरनं उठला.

"कसा दिसला माझा बन्सी? सांग. वाळलाय का? डोक्याला फेटा हुता का?"

मग त्यानं माझे पायच धरले.

"मावशी, मला म्हैन्याला दहा केसा दाखवाव्या लागत्यात. जित्या मानसाचा नंबर लिवला की तो भांडायला येतो. बन्सीचा नंबर मला तोंडपाठ. बाजारातून येताना दर शुक्रवारी इथं थांबायचा, माझ्या हातावर पेरू ठेवायचा. वाटलं, मेलेल्याचं काय बिघडतंय?"

मी त्याच्या मुस्काटात दिली. सरकारी मानूस हाय हे ध्यानातच आलं नाय.

"मुडद्या! त्याचे पेरू खाल्लेस आन् त्यालाच वहीत घातलास?"

नाक्याच्या दगडावर बसले. म्हणजे तो कुनालाच दिसला नव्हता. पुन्ना एकदा मेला माझा लेक.

गयास गाल चोळत तिथंच उभा. खालच्या आवाजात म्हणला, "चार म्या लिवल्या, मावशी. पाचवी खोटी नाय."

"आता आनखी काय सांगतोस?"

"पौषातली आवस हुती. पांढरी घोडी, कंदील नाय. वाटलं, जब्बार असंल. हाक मारली. जवळून गेला तवा मागं एकोणसाठ दिसला. नाक्याच्या पुढं गेला, शहराकडं, आन् परत फिरला. पुन्ना आला, पुन्ना फिरला. असा किती येळ. थांबायचं हाय पन थांबता येईना, असं. चाकाचा आवाज नव्हता, मावशी."

"तोंड दिसलं?"

"नाय. मान खाली हुती. दमल्यावानी."

"माझी समजूत घालतोस का रं?"

"माझ्या लेकराची शपथ," तो म्हणला. त्या दिवसापासून अंधार पडल्यावर तो नाक्यावर एकला बसत नाय, हे मला मागनं कळालं.

मी रस्त्याकडं बघत ऱ्हायले. टांग्याला बिल्ला असला की टांगेवाला कुठं टेकतो? भाडं असो नसो, उभंच ऱ्हायचं. मी त्याला देवात बसवलं नव्हतं, मी त्याला जुंपून ठेवलं हुतं. तीन म्हैनं माझं लेकरू अंधारात फिरत हुतं, दमलेलं, आन् मी इकडं रोज बिल्ल्याला कुंकू लावत हुते.

दुसऱ्या दिवशी बिल्ला पदरात बांधून चौकीवर गेले. गाठ सोडताना हात उचलंना. जब्बारनं तोंड फिरवलं. साहेबांनी बिल्ला बघितला, त्यावरचं कुंकू बोटानं पुसलं आन् पेटीत टाकला. आत बाकीचे बिल्ले हुते, त्यांच्यात मिसळून गेला. कारकुनानं बन्सीच्या नावावर लाल रेघ वढली. टांगा-घोडी वाचली.

पुढच्या शुक्रवारी मी नाक्यावर गेले. कशाला गेले, मला इचारू नका. गयासनं स्टूल दिलं, सोता खाली बसला. दिवेलागण झाली. दोन बैलगाड्या गेल्या, फुलंब्रीचे भाजीवाले गेले. मग रस्ता मोकळा झाला आन् अंधार दाटला. कुनी आलं नाय.

"सुटला, मावशी," गयास म्हणला.

"व्हय, सुटला," मी म्हणले. आन् काय झालं कुनास ठावं, मी उठून रस्त्याच्या मधी गेले आन् बोंबलून हाक मारली, "बन्सी! बन्सी रं!"

गयास धावत आला, माझा हात धरला. "मावशी, पाया पडतो. आता बोलावू नका त्याला."

मी पदर तोंडात कोंबला.