दोघांची खोली

"भिंतींना पांढरी माती लावायची, मागाचा खड्डा बुजवायचा, भुई सारवायची, मग खोली सोडायची. आणि दोघांनी मिळून!" बायाक्काने शेणाची पाटी उंबऱ्यात आदळली. "खोली देताना दोघांच्या हातचं कबुलीचं पान घेतलंय मी. सोडताना एकटं कुणी सुटायचं न्हाय."

परसूने मुकाट्याने पाटी उचलली. अंजनी पदर खोचून पाण्याला गेली. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं नाही, पण बायाक्काला त्याची फिकीर नव्हती. चार हात एका शेणात कालवले की डोळे किती वेळ लांब राहणार?

शहापुरातल्या त्या विणकरांच्या गल्लीत बायाक्काच्या पाच खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत बिऱ्हाडाने आपल्या मापाने भुईत खणलेला मागाचा खड्डा. नवऱ्याने खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणायचं, बायकोने रहाटावर बसून सुताच्या कांड्या भरायच्या. एका हाताने टाळी वाजत नाही नि एका माणसाने माग चालत नाही, म्हणून खोली द्यायची ती जोडप्यालाच, असा तिचा कायदा. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांकडे. पण या गल्लीत राज्य होतं ते बायाक्काचं. ऐन तिशीत विधवा झालेली ही बाई तेव्हापासून एकटीने पाच बिऱ्हाडं सांभाळत होती, आणि तिच्या दारात उभं राहून 'असं का?' म्हणायची कुणाची छाती नव्हती.

काल पंचांनी परसू आणि अंजनीची काडी मोडली होती. लग्न मोडणं पंचांना सोपं गेलं, खोलीपाशी मात्र सगळे अडले. खोली एक, माग एक, माणसं दोन. शेवटी "मालकीण बघून घेईल" म्हणत पंच चहा पिऊन उठले. बायाक्का मनातून खूश झाली. मोडलेली काडी कशी जोडायची ते पंचांना नसेल ठाऊक, तिला होतं.

तिने सकाळीच अंजनीला बाजूला घेऊन उलटसुलट विचारून घेतलं होतं.

"पितो काय गं?"

"न्हाय, आक्का."

"हात उचलतो?"

"कवाच न्हाय."

"मग दुखतंय कुठं तुला?"

"पटत न्हाय, आक्का. मलाबी न्हाय, त्येंलाबी न्हाय."

हे असलं दुखणं बायाक्काने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. रोग अगदीच किरकोळ, आणि तिच्याकडचं औषध जालीम.

त्या औषधाचा दाखला शेजारच्याच खोलीत राहत होता. आठ वर्षांपूर्वी मालुबाई सुजलेला गाल घेऊन तिच्या दारात आली होती. नागोजीजवळ राहायचं नाही म्हणत होती. बायाक्काने नागोजीला भर गल्लीत उभं करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दोघांना खोली सारवायला बसवलं. अर्धी भुई सारवून होते ना होते, तोच मालुबाईने हात धुतले आणि चूल पेटवली. तेव्हापासून त्या खोलीतून भांडणाचा आवाज म्हणून आला नाही. बायाक्का ही हकिगत दर लग्नात, दर बारशाला तिखटमीठ लावून सांगायची.

आताही ती मालुबाईच्याच उंबऱ्यावर येऊन टेकली. मालुबाई रहाट फिरवत होती. आत मागावर नागोजीचा धोटा खटखटत होता.

पलीकडच्या खोलीतून आधी नुसताच सारवल्याचा आवाज येत होता. मग परसू म्हणाला, "त्यो कोपरा ऱ्हायला." मग अंजनी म्हणाली, "तुमी आधी सरका तरी." आणि मग ती चक्क हसली. परसूही हसला.

"ऐकलंस न्हवं?" बायाक्काने भुवया उडवल्या. "जमलं बघ! तुझ्यासारखंच."

तुटलेला धागा मालुबाईने ओठांत ओला करून जोडला आणि रहाट पुन्हा फिरवला.

आता दोघांना गुळाचा चहा पाजावा म्हणून बायाक्का उठतेय, तोवर परसूच बाहेर आला. हातपाय धुतलेले, काखेत गाठोडं. तो वाकून तिच्या पाया पडला.

"येतो, आक्का. बेळगावच्या कॅम्पात एका शिंप्याकडं काम बघितलंय."

"आणि ही?"

"ती हितंच ऱ्हाते म्हंतीया. खड्डा बुजवला न्हाय, काठ तेवढा लिंपून दिलाय. माग तिला दिला. माझ्यापरास तिचा हात बरा हाय."

बायाक्काने आत डोकावून पाहिलं. भुई ओलीगार होती. कोपऱ्यात थोडी भांडी, कोनाड्यात कुंकवाचा करंडा, आणि माग जिथल्या तिथे. सगळी वाटणी झाली होती आणि कुणी तोंड वाकडं केलेलं दिसत नव्हतं. तिचं औषध लागू पडलं होतं खरं, पण भलत्याच रोगाला.

"एकल्या बाईला मी खोली देत न्हाय," ती ताडकन म्हणाली.

"का, आक्का?" अंजनीने विचारलं. त्यात उर्मटपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"लोक काय म्हणतील? आणि कांड्या कोण भरंल?"

"दिवसभर विणीन, सांजच्याला कांड्या भरीन. लुगडं उशिरा उतरंल, पर उतरंल. माझं म्हायेर ऱ्हायलं न्हाय, आक्का. ही खोली गेली तर मला दुसरा आडोसा न्हाय."

परसूने डोकं खाजवलं. "आणि लोकांचं म्हणशिला, तर तुमीबी एकल्याच हायसा की, आक्का. तुमास्नी कोण काय म्हणतंय?"

बायाक्काचा चेहरा तांबडालाल झाला. परसू दोन पावलं मागे सरला. आणि मग ती अशी खदखदून हसली की समोरच्या ओट्यावरची कोंबडी फडफडत खाली पडली.

"काही म्हणून तर बघू दे कुणी!" ती म्हणाली. "आण गं, पान आण. लोकांचं मी बघते. सूत द्यायला सावकार कुरकुरला तर त्याला माझ्याकडं धाड."

अंजनीने पानसुपारी आणून दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवली. परसू गाठोडं सावरत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, तिथून एकदा वळून त्याने मान हलवली आणि कॅम्पाच्या वाटेला लागला.

बायाक्काला अगदी भरून आलं. कायदा तिचाच, तो तिनेच मोडला, त्यामुळे मोडल्यासारखा वाटलाही नाही. पुढच्या लग्नात सांगायला ही हकिगत त्या जुन्या हकिगतीपेक्षा वरचढ होती.

रहाट थांबला. मालुबाई भरलेल्या कांड्यांची टोपली कमरेला लावून उंबऱ्यात उभी होती.

"एकल्या बाईला खोली दिलीसा, आक्का?"

"दिली की!"

"मी मागितलती तवा न्हाय म्हणालासा."

"तू? तू कवा मागितलीस?"

"अर्धी भुई सारवून झाली, तवा भायेर आलते मी. हातबी धुतले न्हवते. म्हणलं, त्येंला जाऊ द्या, खोली मला द्या. तुमी म्हणालासा, एकल्या बाईला देत न्हाय." मालुबाईच्या आवाजात तक्रार नव्हती. आठवेल तसं ती सांगत होती. "मग हात धुतले आणि चूल पेटवली."

बायाक्काच्या ओंजळीतलं पान तसंच राहिलं. तिला खूप लाज वाटली.

आत धोटा थांबला.

"कांडी!" नागोजी ओरडला.

मालुबाई वळली.

"मालू, थांब." बायाक्काचा असा हळू आवाज त्या गल्लीने कधी ऐकला नव्हता. "आता खोली मागून बघ."

मालुबाई बघत राहिली, आधी बायाक्काकडे, मग पलीकडे ओल्या भुईच्या कडेला उभ्या असलेल्या अंजनीकडे.

"अगं ए, कांडी!"

मालुबाईने टोपली उंबऱ्यावर ठेवली. ती आत गेली नाही.