रिकाम्या रिंगेची तारीख

“जया, खरं सांग. या रिंगेच्या भरवशावर राहिलीस की काय तू?”

माझा आवाज चढलाच. मरोळच्या आमच्या छोट्या संशोधन केंद्रात रिंगेच्या चाचणीचा शेवटचा दिवस, आणि ही बाई समोर बसून म्हणते, “सिस्टर, रिंग परत घेऊ नका ना. तीन महिने निवांत झोपले मी.”

रिंग म्हणजे मऊ रबरासारखी कडी. बाईने स्वतःच योनीत बसवायची. पुढेमागे तिच्यात औषध भरतील, मग दिवसही जाणार नाहीत आणि एचआयव्हीची लागणही होणार नाही. नवऱ्याला विचारायलाच नको. पण आमच्या रिंगा रिकाम्या होत्या. टोचते का, सरकते का, एवढंच बघायचं होतं. हे मी जयाला चारदा समजावलं होतं. चारदा तिने मान डोलावली. मान डोलावण्यात आमच्या बायका भारी हुशार!

तिचा गुणाजी गोव्याच्या रस्त्यावर ट्रक चालवतो. बाहेर त्याचं काय चालतं ते तिला ठाऊक होतं. कंडोमचं नाव काढलं की “संशय घेतेस?” म्हणून ताट भिरकावायचा.

मी तिचं बोट टोचलं. एचआयव्हीच्या टेस्टला वीस मिनिटं लागतात. मी पंखा वाढवला, कमी केला, खिडकी उघडली, लावली. तीस वर्षं नर्स आहे मी, पण त्या दिवशी खरंच घाबरले.

“बसा ओ सिस्टर, तुमच्याकडे बघून मलाच गरगरतंय.”

“अगं, रिकामी आहे ती! औषधाचा थेंब नाही तिच्यात!”

“ते ठाऊक आहे मला. चारदा सांगितलंत की. मी काय येडी आहे?”

“मग?”

“त्याला कुठे ठाऊक आहे? मी सांगितलं, आत डॉक्टरची रिंग आहे, कंडोमशिवाय जवळ आलास तर तपासणीत कळतं. मग कागदावर तुझं नाव चढेल. बायकोला नाय घाबरत तो, पण शिक्क्याच्या कागदाला लय घाबरतो. तीन महिने गपगुमान वापरतोय.”

पट्टीवर एकच रेघ आली. लागण नव्हती. मी छातीवर क्रुसाची खूण केली आणि मला हसूच फुटलं. जया मात्र हसली नाही. तिने रुमालात गुंडाळलेली रिंग टेबलावर ठेवली. सगळ्या रिंगा मोजून परत जायच्या होत्या.

“आता पुन्हा तेच सुरू होणार,” ती म्हणाली. मग तिने तपासणीचं कार्ड पुढे सरकवलं. “पुढची तारीख तरी लिहा, त्याला दाखवायला.”

“शनिवारी केंद्राला कुलूप लागतंय गं. माझी नोकरीही संपली.”

“लिहा ना. पाया पडते.”

आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती मी. पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी अकरा, असं लिहिलं आणि शिक्का मारला.

तो सोमवार उजाडला आणि मला घरी चैन पडेना. दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. रोनाल्ड, माझा नवरा, म्हणाला, “हिल्डा, नोकरी संपली ना तुझी?” “गप रे,” म्हटलं आणि रिक्षा पकडली.

पहिल्या मजल्यावर केंद्राची पाटी काढलेली, दाराला कुलूप. दाराशी जया, पांढरीफटक. खाली गेटपाशी स्कूटरवर बसून गुणाजी वर बघत होता.

“म्हणाला, बघतो तरी कुठलं केंद्र,” ती पुटपुटली. “वर आला तर वाट लागली, सिस्टर.”

पिशवीत माझा पांढरा कोट होता. का घेतला होता, देव जाणे. तो चढवला, कठड्याशी गेले आणि खाली ऐकू जाईल अशी ओरडले, “जया! चल, नंबर आला तुझा!”

गुणाजीने मान खाली घातली आणि मोबाइल काढला.

खालून दिसू नये म्हणून आम्ही दोघी त्या बंद दाराला टेकून उभ्या राहिलो. टेस्टला लागतात तेवढी वीस मिनिटं. मग मी पेन काढलं आणि तिच्या कार्डावर पुढची तारीख लिहिली.