आधी त्याचं दार

चिनाराच्या आईचा राजमा ऐन फुलात होता आणि पाट कोरडा. डोंगरातून पाणी येत होतं, नाही असं नाही. पण ते शेतांना चुकवून सरळ तलास नदीला मिळत होतं. शेताशेताच्या लोखंडी दारांनी एकमेकांचं पाणी अडवून धरलं होतं.

दारं चिनारानेच बसवलेली, राजधानीत, बिश्केकला शिकून आल्यावर. प्रत्येक दाराला स्वतःची अक्कल: शेजारचं दार सरळ वागलं तर आपणही सरळ, त्याने पाळी मोडली तर त्याचं पाणी बंद. गावाचा पाटकऱ्यावर विश्वास नव्हता, म्हणून अट घातली की दारांच्या कारभारात कुणाचाच हात नको, चिनाराचाही नको. फक्त मालकाने फोनवर अंगठा टेकवून 'माफ' म्हणायचं, की त्याचं दार शेजाऱ्याचा गुन्हा विसरणार.

मग गावातल्या एसेनगुल या शेतकऱ्याची आई वारली. मयताच्या घरी पाणी पाळी न बघता जातं. हे गावाला इतकं अंगवळणी पडलेलं की चिनाराला सांगायचं कुणाला सुचलं नाही, आणि गावचीच असून तिलाही आठवलं नाही. एसेनगुलच्या दाराने पाळी मोडली, पुढच्याने सूड घेतला, आणि तो पाटभर पसरला.

"यंत्राला राग येत नाही म्हणालीस ना, पोरी?" सबीरकुलकाकांनी विचारलं.

"राग नाही काका, फक्त लक्षात राहतं."

"मग आमच्याहून वाईट. आम्ही निदान म्हातारे होऊन विसरतो तरी."

चिनारा घरोघर फिरली. "अंगठा टेकवा, संपलं!"

"टेकवते की. आधी एसेनगुल," शेजारीण गुलसाना म्हणाली.

"आई माझी गेली, आणि पुढाकार मीच घेऊ?" एसेनगुल म्हणाला.

"मी टेकवला आणि बाकीच्यांनी नाही, तर मीच बुडाले ना?" गुलसाना म्हणाली.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" चिनारा कडाडली.

"तूच! दारं बसवताना फळ्यावर चौकोन काढून, कुणी दगा दिला तर कोण बुडतं ते."

शेवटी तिने सगळ्यांना अंगणात बोलावलं. तीन म्हणताच एकदम टेकवायचा. तीन म्हटलं. जो तो शेजाऱ्याच्या अंगठ्याकडे बघत उभा.

तेवढ्यात तिची आई चुलीवर चहा ठेवून कुंपणाशी आली आणि ओरडली, "आशार!"

आशार म्हणजे सगळ्या गावाने मिळून करायचं काम; ती हाक आली की नाही म्हणायचं नसतं. फोन खिशात गेले, फावडी निघाली. सबीरकुलकाका, गुलसाना, एसेनगुल, सगळ्यांनी मिळून दारांना वळसा घालणारा चर खणला. दिवस मावळायच्या आत पाणी राजम्याच्या मुळाशी पोचलं.

"बघ," घाम पुसत गुलसाना म्हणाली, "विश्वास आहे की आमचा एकमेकांवर."

"मग अंगठा टेकव."

"आता कशाला?"

चिनाराच्या खिशात फोन थरथरत होता. गावातली झाडून सगळी दारं पाणीचोरीची तक्रार करत होती. चोर म्हणून पहिलं नाव तिच्या आईचं होतं.